तिसऱ्या कॉफीची जेझवा

मी जेझवा बोलतेय. हो, तीच, टीव्हीवरची. लांब दांडी, रुंद बूड, आवळलेला गळा आणि पोटात कॉफी. मला कुणी कॉफीचं भांडं म्हटलं तरी मी रागवत नाही, पण किटली म्हणू नका. किटलीला तोटी असते, अक्कल नसते.

माझा जन्म सारायेवोच्या तांबट गल्लीत झाला. तिथल्या जाणत्या कारागिराने, उस्ता नेझिरने, तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला आकाराला आणलं. त्या गल्लीत दिवसभर एवढी ठोकाठोक चालायची की तिथल्या माणसांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "बरा आहेस ना?" हेसुद्धा भांडायला उठल्यासारखं विचारायचे. पुढे टाळ्या-शिट्ट्यांना मी कधी दचकले नाही, ते या बाळकडूमुळे. आतून चकचकीत कल्हई झाली, बाहेरून वेलबुट्टी कोरली गेली आणि मी दुकानाच्या दाराशी टांगली गेले.

एके दिवशी हालिद आला. यासेनिक गावातल्या लाकडाच्या गिरणीत तो कामाला होता, नुकतंच लग्न ठरलं होतं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि उस्ताने मागितले तेवढे पैसे मुकाट्याने काढून ठेवले. उस्ताचा चेहराच पडला. "अरे, जरा घासाघीस तरी कर. मी काय इथे धोंडे विकतो?"

"मला कुणाकडे काही मागता येत नाही," हालिद लाजून म्हणाला.

असा तो माणूस. मला कागदात गुंडाळून त्याने पोटाशी धरलं आणि बसने गावी नेलं. तिथे मी त्याच्या नव्या नवरीच्या, फिक्रेताच्या हातात पडले.

फिक्रेताकडे पाहुणा आला की मी तीनदा चुलीवर चढायची. पहिली कॉफी 'या, बसा'ची. दुसरी गप्पांची. आणि तिसरी 'उठा आता'ची. पहिल्या दोन्हींबरोबर ताटलीत लोकुमच्या गुलाबी वड्या यायच्या, पिठीसाखरेत घोळवलेल्या. तिसरीबरोबर ताटली रिकामी. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. पाहुण्याने ताटलीकडे बघायचं, पेला संपवायचा आणि आपल्यालाच अचानक आठवल्यासारखं म्हणायचं, "चला, खूप उशीर झाला." आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

फिक्रेता यात उस्ताद होती. तिची तिसरी कॉफी पिऊन माणूस इतका खुशीत उठायचा, की आपल्याला उठवलंय हे त्याला घरी जाऊन बूट काढताना उमगायचं.

खरी मजा त्यानंतर असायची. दाराला कडी लागली की टेबलाखालून अल्मासा बाहेर यायची. हालिद-फिक्रेताची एकुलती एक लेक, डोळ्यांवर झिपऱ्या, गुडघे कायम फुटलेले. ती नुकत्याच गेलेल्या पाहुण्याची अश्शी नक्कल करायची की काय सांगू! शेजारची रबिया खुर्चीत कशी बसते, साखरेचा खडा दातांत धरून दुसऱ्यांच्या सुनांबद्दल कशी बोलते, लोकुमची वडी खिशात कशी टाकते. हालिद हसून हसून भिंतीला टेकायचा. फिक्रेता पेले विसळता विसळता ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबायची, तरी तिचं हसू सगळ्या स्वयंपाकघरात सांडायचं.

पण ती लेकीला बजावायची. "हे दाराच्या आतच हं. माणूस गेल्यावर हसलं तर त्या गप्पा. तोंडावर हसलं तर तो अपमान."

अल्मासा मोठी झाली, शिकली आणि गावातल्या निम्म्या पोरांसारखी घरी बसली. तेव्हा हालिदने आयुष्यात पहिल्यांदा वशिला लावला. धुरावर सुकवलेल्या मांसाचा अख्खा तुकडा कागदात बांधून तो बस स्टँडच्या साहेबाकडे गेला. ज्याला स्वतःसाठी काही मागता येत नव्हतं, तो लेकीसाठी दारात टोपी काढून उभा राहिला. घरी आल्यावर कितीतरी वेळ तो नळाखाली हात धूत होता. अल्मासाला स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायची नोकरी लागली. आणि त्याच हिवाळ्यात हालिद गेला.

मग घर थंड पडलं. पाहुणे यायचे, मी तीनदा चुलीवर चढायची, पण कडी लागल्यावर नुसते पेले वाजायचे. अल्मासा आईकडे बघत नक्कल सुरू करायची आणि आई म्हणायची, "पुरे गं."

घरी हसायला कुणी नाही म्हटल्यावर पोरीने ते बाहेर शोधलं. मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, पण घरी येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा. स्टँडच्या कर्ण्यातून आवाज यायचा, "तुझ्लाला जाणारी गाडी फलाट तीनवर उभी आहे. ड्रायव्हर बुरेक खातायत. घाई करू नका, अर्धा अजून बाकी आहे." लोक गाडी नसतानाही येऊन बसू लागले. तो ड्रायव्हर तावातावाने जिना चढून आला. सगळ्यांना वाटलं, आता भांडण. तर म्हणाला, "तो बुरेक नव्हता, चीजची पिटा होती. मांसाचा असतो तो बुरेक. एवढंही कळत नाही तर हिला माइक दिला कुणी?"

इथवर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी अल्मासाने पुकारलं, "साहेबांची वाट बघणाऱ्यांनी ताटकळू नये. साहेब अजून अंथरुणातून सुटलेले नाहीत." साहेब नेमके फलाट एकवर उभे होते. दुपारपर्यंत नोकरी गेली.

"तुझ्या बापाने एकदा, फक्त एकदा कुणापुढे मान वाकवली," फिक्रेता म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. "आणि तू ती नोकरी लोकांना हसवण्यात घालवलीस?"

"आई, मला तेच येतं. मी सारायेवोला जाते. तिथे लोक तिकीट काढून विनोद ऐकतात."

"तोंडावर हसायचं, वर तिकीट? मी नाही हो बघायला येणार असला निर्लज्जपणा. कध्धी नाही."

दुसऱ्या दिवशी अल्मासाने पिशवी भरली. आई अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात पोरीने मला फळीवरून उचललं आणि स्वेटरमध्ये गुंडाळून तळाशी घातलं. थोडक्यात, मी चोरीला गेले. बस गावाबाहेर पडेपर्यंत मला पोरीचे हुंदके ऐकू येत होते.

सारायेवोतली पहिली खेप मात्र पार पडली नाही, आपटली. तळघरातला एक कॅफे, समोर विसेक माणसं. अल्मासा मोबाइलच्या वेडाबद्दल बोलली, नवरे लोकांबद्दल बोलली. कुणी हसलं नाही. एकाने जांभई दिली आणि वर माफी मागितली, ते जास्त लागलं. पुढच्या खेपेला ती मला घेऊन गेली. छोट्या शेगडीवर मला ठेवून तिने आईच्या तीन कॉफ्यांची गोष्ट सुरू केली. मी पडले नवखी. एवढे डोळे रोखलेले बघून घाबरले आणि भसकन उतू गेले. अल्मासाच्या तोंडून आईचाच आवाज निघाला, "सांड बाई, सांड. तुझ्या पोटात काही राहिलंय कधी?" तळघर हसलं. मनापासून, खुर्च्या करकरतील असं. त्या दिवशी आम्हा दोघींना आमचा धंदा सापडला.

फोनवर फिक्रेता एकच वाक्य बोलायची. "माझी जेझवा परत आण."

"कार्यक्रम बघायला ये, मग देते."

"ठेवते फोन."

दोनतीन वर्षं आम्ही गावोगाव हिंडलो आणि मग एका चॅनेलने बोलावलं. बातम्यांआधीचा तास, थेट प्रक्षेपण, एकच भाग. जमलं तर पुढे, नाहीतर घरी. पाहुणे म्हणून खुद्द रस्त्यांचे मंत्री. स्टुडिओत खोटं स्वयंपाकघर उभं केलं होतं, खरी कडी असलेलं खोटं दारही. सामान सांभाळायला होता झ्वोन्को, साठीला टेकलेला, पोट सुटलेला, प्रेमळ माणूस. घरी बायको त्याला गोड खाऊ द्यायची नाही. आता लोकुमचं ताट याच्याच हवाली केल्यावर काय व्हायचं ते झालं.

अल्मासाने तबक मंत्र्यांपुढे ठेवलं. मंत्र्यांनी ताटलीकडे पाहिलं. ताटलीत नुसती पिठीसाखर.

"ही पहिलीच ना?" त्यांनी विचारलं.

"पहिलीच, साहेब. गरम आहे तोवर घ्या."

मंत्र्यांनी पुन्हा ताटलीकडे पाहिलं. वर्षानुवर्षांचं वळण असं सुटत नाही. त्यांचे हात आपोआप कोटाच्या गुंड्यांकडे गेले, पाय आपोआप उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "चला, खूप उशीर झाला." आणि ते गेले. कॉलरला लावलेला माइकसुद्धा घेऊन गेले. जिन्यावरून त्यांचं बोलणं सगळ्या देशाला ऐकू आलं, "अरे, पण मी काय केलं?"

अल्मासाचा चेहरा पांढराफटक. समोर रिकामी खुर्ची आणि जवळजवळ सगळा तास बाकी. पडद्यामागे झ्वोन्को ओठांवरची साखर पुसत उभा. मला वाटलं, संपलं सगळं, चला परत गावी.

मग अल्मासा उठली. खोट्या दाराजवळ गेली, खरी कडी लावली, पाठ दाराला टेकली आणि म्हणाली, "गेले एकदाचे." तिथून पुढे ती मंत्र्यांसारखी बसली, मंत्र्यांसारखी उठली, मंत्र्यांच्या गाडीसारखी खड्ड्यांतून गेली. टेबलाखालून आलेली तीच झिपरी पोर मला दिसत होती. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचाच फोन. "मी गेल्यावर काय म्हणालीस ते बायको पुन्हा पुन्हा बघतेय. परत कधी बोलावतेस?" तेव्हापासून 'तिसरी कॉफी' हा कार्यक्रमच तसा झाला. पाहुणा यायचा, कॉफ्या व्हायच्या, पाहुण्याला उठवलं जायचं, कडी लागायची आणि मग त्याची नक्कल. गायक, खेळाडू, डॉक्टर, सगळे आपली हकालपट्टी व्हावी म्हणून वशिले लावू लागले. तांबट गल्लीत माझ्यासारख्या जेझवा 'टीव्हीवाली' म्हणून विकू लागले. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

फोन फिक्रेताचाही आला होता. "पहिल्या कॉफीला लोकुम नाही? लोक म्हणतील, आईने काही शिकवलं नाही. माझी जेझवा परत आण."

म्हणजे ती बघत होती. घरी, दार लावून.

अल्मासा तिला दर हंगामाला बोलवायची. आधी लटक्या रागाने, मग आर्जवाने. फिक्रेताचं उत्तर ठरलेलं. "मी तुझ्याकडे पाहुणी म्हणून येऊ? पाहुण्याला उठून जावं लागतं." एकदा कार्यक्रम संपल्यावर मला पुसता पुसता अल्मासा म्हणाली, "सगळा देश हसतो गं माझ्या विनोदांना. मला ते आमच्या स्वयंपाकघरातलं हसू हवंय." मी भांडं, मी काय बोलणार? पण मलाही तेच हवं होतं.

इकडे माझी तब्येत बिघडत चालली होती. झ्वोन्को मला तारेच्या घासणीने खसाखसा घासायचा आणि वर कौतुकाने बघायचा. माझी कल्हई निघू लागली, आतून तांबडं तांबं दिसू लागलं, आणि उघड्या तांब्यातली कॉफी पोटाला बाधते. विजेच्या शेगडीवर काम करणाऱ्या त्या लोकांना त्याचं काय? पण त्या वर्षी चॅनेलने तबकावर वरून बघणारा नवा कॅमेरा लावला, आणि एका संध्याकाळी माझं उघडं पोट घरोघरी दिसलं.

फिक्रेताचा त्या आठवड्यात फोन आला नाही. अल्मासा काळजीत पडली.

पुढच्या भागाला पाहुणा होता निवृत्त गोलकीपर, कपाटाएवढा माणूस. पहिली कॉफी ओतली, त्याने पेला ओठांशी नेला आणि खोटं दार धाडकन उघडलं.

"ठेव ते खाली, बाळा. कुणी प्यायचं नाही."

दारात फिक्रेता. हिवाळी कोट, हातात बाजाराची पिशवी, डोक्यावर रुमाल. गोलकीपरने पेला असा ठेवला की जणू पंचाने शिट्टी मारली.

"आई?" अल्मासा कशीबशी म्हणाली.

"आईचं मग बघू. आधी ती जेझवा इकडे दे." तिने मला उचललं, आत बोट फिरवलं आणि मला थेट कॅमेऱ्यापुढे धरलं. "हे बघा. कल्हई कुठंय? सगळा देश माझी जेझवा बघतोय आणि आत हे असं? मी काय मेले होते?"

लोक हसायला लागले. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की गप्प झाले.

"बस ना गं, आई," अल्मासाने खुर्ची पुढे केली.

"मी कशाला बसू? मी काय पाहुणी आहे?"

तिने स्टूल ओढून शेगडीजवळ नेलं, पिशवीतून घरची दुसरी जेझवा काढली, स्वतः दळलेली कॉफी काढली, ॲप्रन बांधला. झ्वोन्को पुढे झाला. "वहिनी, ते माझं काम..."

"तुझं काम इतकी वर्षं बघतेय मी. लोकुम तूच खाल्लंस ना?"

झ्वोन्को कानापर्यंत लाल झाला. मी बाजूला रिकामी पडून होते, पण मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढे फिक्रेताने पहिली कॉफी दिली, दुसरी दिली आणि गोलकीपरच्या गुडघ्याची अशी मायेने चौकशी केली की तो विरघळला. तिसरी कधी आली हे त्याला समजलंच नाही. "चला, खूप उशीर झाला," म्हणत तो हसत हसत निघाला आणि दारात पोचल्यावर थबकला. "अरेच्चा," एवढंच म्हणाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अर्थातच फिक्रेतासाठी होत्या.

अल्मासाने कडी लावली. आता गोलकीपरची नक्कल करायची. तिने आईकडे पाहिलं. मग जमिनीवरची बाजाराची पिशवी उचलली, टेबलावरचा कपडा डोक्याला गुंडाळला, दारापासून तरातरा चालत आली आणि म्हणाली, "ठेव ते खाली, बाळा."

आईची नक्कल, आईच्या तोंडावर. सगळे फिक्रेताकडे बघू लागले.

फिक्रेता उठली. लेकीपुढे जाऊन उभी राहिली. "पिशवी त्या हातात नसते. माझा डावा खांदा दुखतो." तिने पिशवी हिसकावून घेतली, दारापर्यंत गेली, वळली आणि स्वतःच स्वतःसारखी चालत आली. "असं. मान ताठ. रुमालाचं टोक मागे. काय शिकलीस इतकी वर्षं?"

अल्मासाने पुन्हा करून दाखवलं, मुद्दाम आणखी चुकीचं. फिक्रेताचे खांदे हलू लागले. तिने ॲप्रनचा बोळा तोंडाशी नेला, पण त्या बोळ्याने हसू थांबायचं नव्हतं. ती हसली. खुर्चीला धरून, डोळे पुसत, समोर एवढं जग बसलेलं असताना हसली. आणि हसता हसताच म्हणाली, "तुझ्या बापाने हे बघायला हवं होतं गं. मांस नेलं ते काही वाया गेलं नाही म्हणायचं. माइक तर मिळाला तुला."

त्यावर अल्मासा आईच्या गळ्यात पडून रडली. दोघी हसत होत्या की रडत, ते वरच्या नव्या कॅमेऱ्यालाही कळलं नसेल.

वेळ संपली होती. झ्वोन्कोने सवयीने तबक पुढे केलं. ताटली रिकामी.

"हे कुणाला?" फिक्रेताने विचारलं.

"कार्यक्रम संपला, वहिनी. बातम्या लागायच्यात."

"मग लावा की बातम्या. आम्हाला कशाला उठवताय? आम्ही घरचे आहोत."

बातम्या लागल्या. दिवे एकेक करून विझले. मायलेकी शेगडीपाशी बसून राहिल्या आणि फिक्रेता कॉफी करत राहिली. कितवी ते कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला तांबट गल्लीत घेऊन गेली. उस्ता नेझिर आता नाही, त्याच्या नातीने मला कल्हई केली आणि घासणीच्या खुणा बघून झ्वोन्कोला शेलक्या शिव्या दिल्या. तिथून फिक्रेता मला घेऊन थेट यासेनिकला आली. सध्या माझा मुक्काम इथेच, माझ्या जुन्या फळीवर. कार्यक्रमात एक 'टीव्हीवाली' जेझवा काम करते. दिसायला बरी आहे, उतू जायचं कधी ते तिला समजत नाही. अल्मासा दर रविवारी येते आणि दारातच म्हणते, "माझी जेझवा न्यायला आलेय." फिक्रेता म्हणते, "कुठली तुझी? बस, कॉफी घे." मग आठवड्याचा भाग दोघी पुन्हा करून बघतात. फिक्रेता शंभर चुका काढते आणि हसते. मधूनच ती स्टुडिओतही जाऊन येते. बघायला नव्हे हं, झ्वोन्कोला कामाला लावायला.

मला तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्या घरातलं कुणी तुमच्या कामाकडे पाठ फिरवून बसलं असेल, तर त्याला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण देऊ नका. काहीतरी बिघडलेलं त्याच्या हातात ठेवा आणि म्हणा, बघ बाई, हे काही मला जमत नाही.

असो. गॅस पेटलाय, फेस वर येतोय. या क्षणी मी बोलत बसले तर कॉफी सगळ्या शेगडीवर होईल, आणि मग फिक्रेता मला काय काय म्हणेल ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.